छपराखाली? मी?

"छपराखाली? मी? एक रात्रसुद्धा नाही!"

ओब्रादने टेबलावर मूठ अशी आपटली की घेवड्याच्या रश्शाचं भांडं उडून जागेवर परत बसलं. "स्मेदेरेव्होपासून क्लादोवोपर्यंत, डॅन्यूबच्या काठाकाठाने, सायकलवर! झोपेन तर तंबूत, नाहीतर उघड्यावर. कुठल्या छपराखाली डोळा जरी लागला, तर याच टेबलाशी बसून मिशी उतरवेन!"

सगळे घास तोंडात धरून बसले. कारण ती मिशी साधीसुधी नव्हती. ओब्रादने सासूबाईंच्या अंगणात होडी बांधायला घेतली होती, तिच्यात आता कोंबड्या अंडी घालत होत्या. उन्हाळ्यासाठी वेगळं स्वयंपाकघर बांधायला घेतलं, त्याच्या तीनच भिंती झाल्या आणि चौथीच्या जागी सासूबाईंनी चादर टांगली. लग्न झाल्यापासून या माणसाने तडीस नेलेली एकच गोष्ट म्हणजे ती भरघोस, टोकांना पीळ दिलेली मिशी.

"तू अर्ध्या वाटेवरून बस धरशील," स्तामेनाबाई म्हणाल्या. ओब्रादच्या सासूबाई मोठ्या आवाजात कधी बोलत नसत. त्यांना गरजच पडत नसे. "तुझं सगळं अर्धं, जावईबापू."

ओब्राद लालबुंद झाला. हे एकच वाक्य तो लग्नापासून ऐकत आला होता, आणि दरवेळी ते नव्याने झोंबत होतं. "साक्षीदार द्या बरोबर! कोणीही द्या!"

"तिहोमिरला ने. तो जे सांगेल ते मी मानेन. बाकी कोणाचं नाही. तुझं तर नाहीच."

तिहोमिर म्हणजे ओब्रादचा साडू. टपाल कचेरीत खिडकीवर बसणारा, सरळ नाकाचा, सरळ बोलण्याचा. आयुष्यात खोटं बोलला नाही आणि कशाला घाबरला नाही, फक्त एक सोडून: प्रोमाया! म्हणजे समोरासमोरच्या दोन फटींतून आरपार वाहणारा वारा. "विषारी साप चावला तर माणूस वाचतो," तिहोमिर सांगायचा, "पण मानेला आरपार वारा लागला की संपलं." यावर घरातले सगळे गंभीरपणे माना डोलवत. हसायचा एकटा ओब्राद. "अरे, सगळ्या जगात वारा वाहतो! मरतो फक्त आपल्याकडचा माणूस!"

ऑक्टोबरातल्या एका सकाळी दोघे निघाले. ओब्रादच्या सायकलवर नवाकोरा तंबू, स्पिरिटची शेगडी आणि छाती पुढे. तिहोमिरच्या सायकलवर, म्हणजे त्याच्या बायकोच्या सायकलवर, पुढे टोपली, टोपलीत मधाची बरणी आणि गळ्याभोवती टॉवेल.

पहिली रात्र नदीकाठच्या गवतात तंबू ठोकून गेली. सकाळी ओब्राद उठला तो नाकावर पडलेल्या थेंबाने. दुसरा थेंब कानात. उठून बसला तर अंथरूण ओलं, पांघरूण ओलं, पाव भिजून लगदा! बाहेर पाहिलं, तर आभाळ लख्ख कोरडं.

"गळका तंबू विकला मला!" ओब्राद गरजला. "त्या दुकानदाराला याच तंबूत गुंडाळून डॅन्यूबमध्ये सोडतो! पाऊस नसताना गळतो! असला तंबू शिवायला तरी कसा जमला त्या हरामखोरांना?"

मग त्याची नजर तंबूच्या दोन्ही टोकांच्या झरोक्यांवर गेली. दोन्हींत मोजे कोंबलेले होते. घट्ट. एकही भोक न ठेवता.

"तिहोमिर!"

"समोरासमोर आहेत रे ते," तिहोमिर शांतपणे म्हणाला. "कोणी मूर्खाने बनवलाय हा तंबू. मी रात्री बुजवले म्हणून आपण जिवंत आहोत."

"जिवंत? आपलाच श्वास रात्रभर आपल्याच डोक्यावर ठिबकलाय! आणि हे मोजे माझे आहेत!"

"मग? माझे मी घातले होते."

ओब्रादने त्याला ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून काठावरचा बगळा उडून गेला. सुके मोजे नव्हते. ओलेच चढवून तो सायकलवर बसला आणि तेवढ्यात समोरून कोशावा वारा सुटला.

कोशावा सुटला की डॅन्यूबकाठची माणसं दारं लावून घेतात. तो खिंडीतून येतो, पूर्वेकडून, आणि नेमकं पूर्वेकडेच जायचं होतं! गोलुबात्सचा किल्ला समोर दिसत होता, पण दोन तास पायडल मारले तरी तो काही जवळ येईना. ओब्राद वाऱ्याला आईबहिणीवरून बोलला. वाऱ्याने त्याचे शब्द त्याच्याच तोंडात परत कोंबले. पुढे बोगदे लागले, तर तिहोमिर पहिल्याच बोगद्यापाशी सायकलवरून उतरला.

"मी आत येणार नाही."

"का? बाहेर वारा आहे, आत आडोसा आहे!"

"बोगदा म्हणजे काय, ओब्राद? दोन्हीकडून उघडं दार!"

शेवटी त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि कमरेवर होते नव्हते ते सगळे टॉवेल गुंडाळले आणि ओब्रादने त्याला हाताला धरून बोगद्यातून नेलं. एका बोगद्यातून नव्हे. प्रत्येक बोगद्यातून! समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने खिडकीतून विचारलं, "आजारी आहे का बिचारा?" ओब्राद ओरडला, "नाही! मी होणार आहे!"

संध्याकाळी दोब्रा गावात पेर्सिदा नावाच्या एका आजीने अंगणात जागा दिली. "अंगणात कशाला, लेकरांनो? आत या. चूल पेटवलीय. गाद्या घातल्यात."

तिहोमिरचा पाय उंबऱ्याकडे वळला. ओब्रादने त्याची कॉलर पकडली. "साक्षीदार आत आणि मी बाहेर? मग सासूबाईंना काय सांगशील, ऐकीव गोष्ट? चल, खुंट्या ठोक!"

तंबू अजून ओला होता. ओब्रादने, केवळ त्या माणसाला अद्दल घडवायची म्हणून, दोन्ही टोकांची दारं सताड उघडली. "बघ! असा सुकवतात तंबू! असा वारा खेळवतात!"

कोशावा खेळला. एका दारातून आत शिरला, तंबू पोट भरल्यासारखा टम्म फुगला, खुंट्या पटापट उपटल्या आणि तंबू कुंपणावरून, रस्त्यावरून, विजेच्या तारांखालून अलगद नदीवर गेला. मधोमध जरा थबकला, आणि पासपोर्ट न दाखवता रोमानियात उतरला.

दोघे कुंपणापाशी उभे राहून पलीकडच्या काठाकडे बघत राहिले.

"दोन्ही बाजू उघड्या होत्या," तिहोमिर म्हणाला.

"एक अक्षर बोलू नकोस!"

दोघे गवताच्या गंजीला टेकून उघड्यावर पडले. पेर्सिदा आजीने पुटपुटत तीन गोधड्या आणून टाकल्या, उशाशी राकीयाची, म्हणजे दोनदा गाळलेल्या आलुबुखाराच्या कडक दारूची बाटली ठेवली. ओब्रादने बाटलीला हात लावला नाही. राग एवढा होता की त्याच्यावरच ऊब आली.

सकाळी कॉफी करायची तर स्पिरिट सांडून गेलेलं. ओब्रादने ती राकीया शेगडीत ओतली. "पाप आहे हे!" तिहोमिर ओरडला, पण त्याच्या घशातून अर्धाच आवाज निघाला. ओब्रादने काडी लावली. काहीच दिसेना. अंगणात ऊन पडलं होतं आणि असली ज्योत उन्हात दिसत नाही, हे सांगायला कोणी नव्हतं. "आता राकीयासुद्धा पेटेना!" म्हणत तो खाली वाकला. अगदी जवळ.

चर्रर्र!

तिहोमिरने ओली गोधडी त्याच्या तोंडावर फेकली तेव्हा मिशीची डावी बाजू शाबूत होती. उजवीकडे नुसतं गुलाबी कातडं. पेर्सिदा आजीने छातीवर क्रूस काढला, मिशीसाठी नव्हे, राकीयासाठी. मग ती नवऱ्याचा वस्तरा घेऊन आली.

"नाही!" ओब्रादने डावी मिशी दोन्ही हातांनी झाकली. "एक केस काढणार नाही! साफ करून गेलो तर म्हणतील हरला! तिहोमिर, तू पाहिलंस ना? सगळं पाहिलंस ना?"

"पाहिलं," तिहोमिर घोगऱ्या आवाजात म्हणाला.

क्लादोवोपर्यंत ओब्राद अर्ध्या मिशीने गेला. पोरं हसली, कुत्री भुंकली, पण तो थांबला नाही. उरलेली रात्रही उघड्यावर, वाऱ्यात काढली, आणि दुपारी क्लादोवोची पाटी दिसली तेव्हा त्याला खरोखर रडू आलं. पोहोचला होता! पुरतं, शेवटापर्यंत! आता फक्त हे सांगणारा आवाज हवा होता, आणि तिहोमिरचा आवाज तर तासातासाला बसत चालला होता.

"बोलू नकोस!" परतीच्या बसमध्ये ओब्राद त्याच्या तोंडात चमच्याने मध घालत होता. "सासूबाईंसाठी जपून ठेव! चारच शब्द लागतील!" स्वतः मात्र सगळी वाट उभ्याने आला. बसलाही छप्पर असतं. डुलकी लागली असती तर?

स्तामेनाबाईंच्या स्वयंपाकघरात ढोबळ्या मिरच्या भाजणं चाललं होतं. धूर जावा म्हणून खिडकी उघडी, दार उघडं. सगळं घर टेबलाशी जमलं होतं. ओब्राद आत आला. त्याची बायको देसांका किंचाळली.

सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग मान हलवली. "हरलास. ते मला ठाऊकच होतं. पण मिशीसुद्धा अर्धीच काढलीस?"

"हरलो नाही!" ओब्राद एवढ्यांदा ओरडला की अंगणात कोंबड्या होडीबाहेर पडल्या. "ती जळली! मी एक रात्र छपराखाली झोपलो नाही! तिहोमिर, सांग! सांग यांना! तुम्ही म्हणाला होता, तो सांगेल ते मानेन!"

"मानेन की," सासूबाई म्हणाल्या. "बोल, तिहोमिर."

सगळे थांबले. मिरच्यासुद्धा तडतडायच्या थांबल्या. तिहोमिर उभा राहिला, टॉवेल सैल केला, घसा खाकरला. दोन दिवस थेंब थेंब जपलेला आवाज त्याने छातीच्या तळातून वर आणला. तोंड उघडलं. तेवढ्यात त्याचे डोळे विस्फारले. त्याने दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"खिडकी...!"

आणि आवाज गेला. कायमचा नव्हे, पण त्या दिवसापुरता पुरता गेला.

"अगं बाई, आरपार वारा!" देसांका धावली, मेव्हण्या धावल्या. कोणी शाल आणली, कोणी गरम वीट. "मारलंस तू या माणसाला!" "चांगल्या माणसाला वाऱ्यात झोपवलं!" "सांगत होता बिचारा, ऐकलं का कोणी?" पैजेचं नाव कोणी काढेना. ओब्राद मधोमध उभा होता, तोंडात शिवी तयार होती, पण कोणाला द्यावी ते कळेना. आणि खिडकीतून येणारी गार झुळूक थेट त्याच्या मानेवर लागत होती. मान दुखत होती, हे खरं तर कालपासूनच.

कोणी पाहत नाही असं बघून तो खिडकीपाशी गेला आणि झडप ओढून घेतली.

"नीट लाव, जावईबापू," मागून सासूबाई म्हणाल्या. "अर्धी राहिली."