काशिनाथमामांचा व्याही

आमच्या आटगावात मासा पाण्यात दोनदाच दिसतो, एकदा नदीत आणि एकदा कालवणात. आमच्या शेजारच्या काशिनाथमामांनी मात्र तो काचेच्या टाकीत ठेवला आणि वर स्वतःच्या ताटातली कोलंबी सोलून त्याला भरवायला सुरुवात केली. गाव येऊन बघून गेलं. "शिजवनार कवा?" एवढंच सगळ्यांनी विचारलं.

टाकीत मासे दोन. एक डिस्कस, बशीसारखा गोल, निळ्या रेघांचा, भलताच लाजाळू. दुसरा ऑस्कर, जाड ओठांचा, समोर येईल ते गिळणारा. ऑस्करचं नाव मामांनी 'व्याही' ठेवलं होतं.

कारण उघड होतं. मामांच्या एकुलत्या एका सुमीची सुपारी फुटली आणि त्याच आठवड्यात टाकी घरात आली. सासर भिवंडीकडचं, अकरा माणसांचं. माणसं मनानं चांगली, पण सगळी धिप्पाड, आणि कुजबुजली तरी पलीकडच्या आळीत ऐकू जाणारी. आमची सुमी म्हणजे एक भाकरी खाईपर्यंत मामांची झोप काढून व्हायची. ही पोर तिथे टिकेल का, हे कोणाला विचारावं? मामांनी माशांना विचारायचं ठरवलं.

कल्याणचा दुकानदार म्हणाला होता, "काका, हे दोन एकत्र नाय राहत. मोठा छळतो."

"तुजी बायको तुज्याच घरात नांदते ना?" मामा म्हणाले.

"हो."

"मंग? दे बांदून."

डिस्कसला ऊन पाणी लागतं आणि आमच्याकडे तेव्हा वीज पाहुण्यासारखी यायची. वीज गेली की मामा टाकीला गोधडी गुंडाळत आणि चुलीवरचं पाणी तांब्या-तांब्यानं आत सोडत. मामी मला सांगायच्या, "माशांची आंघोळ ऊन पान्यानं, माजी गार पान्यानं. मीच टाकीत जाऊन बसते आता."

महिन्याभरात डिस्कस काळा पडला. अंगावर ओरखडा नाही, पण वाळला आणि पाइपामागे तोंड लपवून बसला. मामांनी कामावर खाडा केला, अन्न सोडलं, आणि एका सकाळी पायात चपला घालून म्हणाले, "सोयरीक मोडून येतो."

"एका माशापायी?" मामी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "काय सांगाल त्यांना? मासा काळा पडला म्हून?"

मग मला पंच नेमलं. मी दिवसभर टाकीसमोर बसलो आणि निकाल दिला, "मामा, व्याही मारत नाय. पण याचं तोंड उघडेपर्यंत तो सगळं खाऊन मोकळा होतो."

मामांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. तेव्हापासून घरात नवीन पद्धत सुरू झाली. एका टोकाला मामा व्याह्यांना एकेक गांडूळ देत, गप्पा मारत गुंतवून ठेवायचे. दुसऱ्या टोकाला मामी चमच्यानं डिस्कसला सावकाश भरवायच्या. पंधरवड्यात निळ्या रेघा परत आल्या आणि लग्न ठरल्याप्रमाणे लागलं.

लग्नानंतर दोनेक महिन्यांनी मामा-मामींनी मला सुमीकडे सोबत नेलं. पोचलो नेमके जेवणाच्या वेळेला. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी जेवायचं नाही हा आमचा रिवाज, त्यामुळे मामांनी ताट नाकारलं आणि ओटीवर बसून माशांचं पुराण लावलं. अकराच्या अकरा माणसं भोवती जमली. ऑस्करचं नाव तेवढं त्यांनी तिथे 'पाव्हणा' सांगितलं. पाव्हण्यानं थर्मामीटर गिळला, मामींचं बोट धरलं, असली साफ खोटी प्रकरणं ते रंगवून सांगत होते. खरे व्याही मांडीवर थापा मारून हसत होते आणि जेवायला उठायचं कोणाला सुचत नव्हतं.

मला बसची काळजी. मी मामांच्या कानाला लागलो, "मामा, शेवटची गाडी जाईल."

त्यांनी मान न वळवता माझा हात घट्ट दाबला. "थांब रे. सुमीनं अजून हात नाय धुतला."

मी आत पाहिलं. चुलीपाशी सुमी ताट घेऊन बसली होती, एकेक घास शांतपणे चावत. समोर मामी पाठ दाराकडे करून, आड बसल्या होत्या.

मी परत नीट मांडी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पन मामा, तो थर्मामीटर बाहेर कसा काढला?"