तीन मीटर दक्षिणेला

"यंत्राचं काही मनावर घ्यायचं नाही, पोरी. आधी दगडाशी ताडून बघायचं. दगड कुठं जात नाही."

निवृत्त होताना बापूसाहेबांनी सांगितलेलं हे भार्गवीनं मनात जपून ठेवलं होतं. सोलापुरातल्या त्या खासगी मोजणी कार्यालयात बापूसाहेबांची तीस वर्षं गेली होती, तिची जेमतेम तीन. म्हणून उपग्रहांवरून जागा सांगणारे पाच नवे रिसीव्हर तपासायचे ठरले, तेव्हा ती मंद्रूपच्या पुढच्या माळावर आली. तिथं मोजणीचा एक जुना दगड होता, डोक्यावर फुलीची खूण कोरलेला. त्या फुलीची पक्की जागा कागदावर होती. रिसीव्हर बरोबर फुलीवर उभा करायचा आणि तो काय सांगतो ते कागदाशी लावून बघायचं. बोटभर फरक चालतो.

हे रिसीव्हर घ्या म्हणून तिनंच साहेबांना पटवलं होतं. नापास झाले तर ते कंपनीला परत जाणार होते, आणि भार्गवी जुने नकाशे स्कॅन करायच्या टेबलावर.

दगड लिंबाखाली सापडला. त्याला भंडारा लावलेला, पुढं दोन फुलं. इतका जपलेला दगड बघून तिला बरंच वाटलं. सोमवार होता, तिचा उपास. तिनं आधी हात जोडले, मग तीन पायांचं स्टँड उभं केलं. कागदावर 'उघडा माळ, झाड चार पावलांवर' असं लिहिलं होतं. झाडं वाढतातच, असं म्हणून तिनं प्रत्येक रिसीव्हरला जरा जास्त वेळ द्यायचं ठरवलं.

पहिला म्हणाला, तू तीन मीटर दक्षिणेला आहेस. तिनं बॅटरी बदलली. दुसरा तेच म्हणाला. तिनं मोबाइल लांब नेऊन ठेवला. तिसऱ्याच्या वेळी हातातल्या बांगड्याही काढून पिशवीत टाकल्या. काही उपयोग झाला नाही. पाचवा झाल्यावर तिनं शिवानंदसाहेबांना फोन केला.

"पाचही, मॅडम?"

"पाचही, सर. तीन मीटर दक्षिणेला."

"निदान त्यांच्यात एकी तरी आहे. आपल्या ऑफिसात तेवढी पण नाही. बांधा आणि घेऊन या. चार वाजता कंपनीचा माणूस न्यायला येतोय."

भार्गवी खाली मान घालून पेट्या भरायला लागली. तेवढ्यात मेंढरांचा कळप आला आणि मागून हातात तांब्या घेतलेली धनगरीण, अंबुबाई.

"ए बाई, देवाच्या डोस्क्यावर काय बशिवलंयस?"

"मोजायचं यंत्र आहे, मावशी. काढतेच आता. बिघडलंय."

"काय म्हंतंय?"

"देव तीन मीटर सरकलाय म्हणतंय."

अंबुबाईनं तांब्या खाली ठेवला आणि रिसीव्हरकडं आदरानं पाहिलं.

"त्येला कुनी सांगितलं?"

"काय कुणी सांगितलं?"

"आगं, आमीच सरकवला की. माजी मेंढी अडली व्हती. देवाला बोलले, दोनी जीव वाचू दे, तुला सावलीत बशिवते. लई ऊन हाय की तितं. जुळी झाली. मग माजा ल्योक सिद्धाप्पा, त्येनं पहारीनं उकरून हितं आनला. तितं खड्डा हाय बग अजून."

भार्गवी पळतच गेली. मातीखाली जुनं सिमेंट होतं आणि मधोमध दगडाच्या मापाचा चौकोन. तिनं बरोबर त्याच्या मध्यावर स्टँड लावलं. पहिला रिसीव्हर, दुसरा, तिसरा. पाचही बोटभराच्या आत. ती एकटीच हसायला लागली, तशी दोन मेंढरं दचकून बाजूला झाली.

"सर, यंत्रं पास. दगड नापास."

फोन स्पीकरवर होता. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "मग दगड उचलून जागेवर बसवा."

"न्हाय," अंबुबाई मधेच म्हणाली. "बोललेलं हाय देवाला."

बोललेलं म्हणजे काय, हे सोळा सोमवार करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको होतं. "सर, दगड राहू दे सावलीत. या सिमेंटमध्ये पितळेचा खिळा बसवू."

"बसवा. पण वर आभाळ मोकळं पाहिजे. छप्पर-बिप्पर काही नको."

फोन ठेवल्यावर अंबुबाईनं त्या रिकाम्या चौकोनात तांब्यातलं थोडं पाणी ओतलं.

"म्हंजी ह्यो बी देवच की आता?"

"जागा तर त्याचीच आहे, मावशी."

"मग ह्येला ऊन न्हाय लागत व्हय?"

भार्गवीनं वर पाहिलं. आभाळ मोकळं, ऊन टळटळीत. यावर कार्यालयाचा काही नियम नव्हता.

"पुढच्या सोमवारी खिळा बसवायला येईन, तेव्हा छत्री आणते. आमचं यंत्र निघालं की तुम्ही लावत जा."

"बोललीस बग."

"बोलले."

संध्याकाळी तिनं बापूसाहेबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झाड डोक्यावर आलं, तेव्हा तरी विचारायचंस की."

पुढच्या सोमवारी कार्यालयाची गाडी दारात आली. पाचही रिसीव्हर आधीच गाडीत होते, खिळा तिच्या रुमालात होता. घरात तीन छत्र्या होत्या. तिन्ही तिनं उघडून पाहिल्या, मिटल्या आणि परत ठेवल्या. देवाला वापरलेली कशी द्यायची? वाटेत छत्र्यांचं दुकान उघडेपर्यंत ती त्याच्या पायरीवर बसून राहिली. पावसाला अजून तीन महिने होते.

"आत्ता छत्री, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"माझ्यासाठी नाही," असं हळूच म्हणून तिनं सगळ्यात मोठी काळी छत्री काखेत धरली आणि मंद्रूपकडं निघाली.