मोहित्यांचे एकेचाळीस बटवे

गेल्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता एका जुन्या बटव्याची किंमत अठराशे रुपये ठरली. हजर तिघे: बटव्याचे मालक मोहिते, कल्याणहून आलेली गिऱ्हाईक मुलगी आणि साक्षीला मी. पावणेअकराला किंमत बावीसशे झाली.

मोहिते ठाकुर्लीला आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटे राहतात. मानपाड्याच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर भरतकामाचे जुने बटवे जमवू लागले. पानसुपारीचे, चार कप्प्यांचे, राघू-मोर भरलेले. आज एकेचाळीस आहेत; मी दोनदा मोजलेत. उसवलेलं भरतकाम ते स्वतःच दुरुस्त करतात, त्याच जाडजूड बोटांनी. लग्नात नवरीच्या ब्लाउजची बाही चष्मा वर करून तपासतात आणि तिच्या आईला सांगतात, "मशीनचं आहे. वाईट वाटून घेऊ नका."

दारावर पाटी आहे: 'जुने बटवे विकणे आहेत.' तीन वर्षांत सव्वीस गिऱ्हाइकं आली, विक्री शून्य. माणूस हो म्हणाला की मोहिते किंमत वाढवतात. तो वैतागून उठेपर्यंत त्याचे दोन चहा झालेले असतात.

ही मुलगी मात्र वैतागेना.

"बावीसशे चालतील, काका."

"अगं, पंचवीसशेच्या खाली परवडत नाही."

"बरं, पंचवीसशे. फोनवरून पाठवू?"

मोहित्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"एक टाका उसवलाय," ते म्हणाले. "असा कसा देऊ? आठ दिवस लागतील."

"एका टाक्याला आठ दिवस?" मी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो."

"मग मला दाखवा ना, मीच घालते," मुलगी म्हणाली.

मोहिते उठून सुईदोरा घेऊन आले. साखळी टाका. तिने चुकवला, उसवला, पुन्हा चुकवला. "सुई आहे ती, पाना नाही," मोहिते खेकसले. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एक वाजला. चहा करायचंसुद्धा राहून गेलं.

"आज नाही जमणार हे," ती उठत म्हणाली.

"मग पुढच्या रविवारी ये."

"बघते. स्टेशनपासून रिक्षावालेच केवढे घेतात."

व्यवहार शेवटी असा झाला. बटवा मोहित्यांकडेच राहिला. मुलीने काही दिलं नाही. मोहित्यांनी तिला पुढच्या रविवारचं रिक्षाभाडं, येऊन-जाऊन ऐंशी रुपये, आगाऊ दिलं. सुटे नव्हते, म्हणून शंभर.