गच्चीवरची चंद्रकला

थंडी पडली की आमची आई दुपारी गच्चीवर जाते आणि भांडते. एकटीच.

समोर तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप असतं, चटई असते, ऊन असतं. माणूस नसतं. तरी भांडण रंगात आलेलं असतं. "तू काहून मधात बोलून राहिली वं चंद्रकले? मी बोलून राहिली होती ना?" खालच्या मजल्यावरच्या देशमुख काकूंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"बंटी, पाहुणी आलीय का रे कोणी? फारच तोंडाळ दिसते."

"काकू, पाहुणी नाही. ते पात्र आहे."

"ते तर ऐकूनच कळलं," काकू म्हणाल्या.

आई गोष्टी लिहिते. पण फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्याबद्दल तिचं म्हणणं असं की नागपुरात पात्रं घराबाहेर काढताच येत नाहीत, लू लागते. मग सगळी गोष्ट कूलरसमोर घडवावी लागते, आणि कूलरसमोर माणूस झोपतो, त्याच्या आयुष्यात काही घडत नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, त्या काळजीत नायिकेकडे लक्ष राहत नाही. उरला हिवाळा. त्यातही नियम आहेत. संत्री सोलताना लांब वाक्यं सुचतात, शेंगा सोलताना तुटक. म्हणून संवाद लिहायचे तर शेंगाच पाहिजेत. भांडी घासताना फक्त खलनायक सुचतात.

आणि वाक्य कुठंही येतं. आलं की आई एक बोट वर करते आणि म्हणते, "थांब, वाक्य आहे." मग सगळ्यांनी थांबायचं. दूधवाला थांबतो. सिलिंडरवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन थांबतो. सांबारवड्या तळताना वाक्य आलं की त्या दिवशी आम्ही सांबारवडीच्या आकाराचे कोळसे खातो. एकदा मी तिला स्कूटरवर घेऊन चाललो होतो, सिग्नल हिरवा झाला, आणि मागून पाठीत बोट रुतलं. "थांब, वाक्य आहे." मी थांबलो. मागच्या गाड्यांवरूनही बरीच वाक्यं आली, पण ती छापण्यासारखी नव्हती.

या कारखान्यात मी पण कामाला आहे. मी नकला करतो. लहानपणी आम्ही कळमेश्वरला होतो, तिथल्या शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात खिडकीबाहेरून "आज सुट्टी" म्हटलं होतं आणि अख्खा वर्ग दप्तर घेऊन घरी गेला होता. हेडमास्तरांनी माझी जी पूजा केली ती सोडा. पण आईला हे कौशल्य वाटतं. गोष्ट लिहून झाली की मी ती मोठ्यानं वाचायची, ज्याच्या त्याच्या आवाजात. खोटं वाक्य असलं की ते माझ्या तोंडात अडकतं, असं तिचं निरीक्षण आहे.

गेल्या वर्षी शेंगांनी हात भरलेले असतात म्हणून मी तिच्या मोबाइलवर बोलून टाइप करायची सोय लावून दिली. आईनं चंद्रकलेची गोष्ट त्यात बोलायला घेतली. भिवापूरच्या दोन बहिणी दिवसभर मिरच्यांचे देठ खुडत बसतात आणि भांडतात. गोष्टीत एवढंच. पण मोबाइल बिचारा शुद्ध मराठी शिकून आलेला. आई म्हणाली "काहून", त्यानं लिहिलं "कानून". आई म्हणाली "मले भूक लागली", त्यानं लिहिलं "मेले भूक लागली". पहिल्याच पानावर चंद्रकला चार वेळा मेली आणि मेल्यावरही जेवायला मागत होती. आई खवळून ओरडली, "मेले नाही रे मेल्या, मले!" त्यानं तेही लिहून घेतलं.

शेवटी टायपिंग माझ्याच गळ्यात आलं.

यात गंमत अशी की ही "मले-तुले" भाषा आमच्या घरात चालत नाही. बाबा म्हणजे घरातलं व्याकरण. "मले" ऐकू आलं की ते चष्मा काढून बघतात, जसं काही ताटात झुरळ निघालं. "मुलाखतीत असाच बोलशील काय?" टपरीवर मी मित्रांत बोलतो, "काय करून राहिला बे?" पण दारात चपला काढल्या की भाषा पण तिथंच काढून ठेवतो. आणि आई तर बाबांच्याही वरताण. इतकं शुद्ध बोलते की पाहुणे विचारतात, "माहेर पुण्याकडचं का?" माहेर भिवापूरचं. पण तिचं भिवापूर फक्त गच्चीवर असतं.

तर ती चंद्रकलेची गोष्ट आईनं पुण्याच्या एका मासिकाला पाठवली. आजवर तिच्या गोष्टी आल्या त्या इथल्याच अंकांत, इथल्याच ओळखीपाळखीत. पुण्याला ही पहिलीच. आणि यंदा ऐन थंडीत, आम्ही गच्चीवर असताना, फोन आला. संपादिकाबाई स्वतः. आईनं पदर सारखा केला, जसं काही त्या फोनमधून बघतायत.

"कथा फार आवडली हो," बाई म्हणाल्या. स्पीकर चालू होता, मी शेजारीच कान लावून. "फक्त एक विनंती आहे. संवाद वाचकांना जड जातील. प्रमाण भाषेत करून द्याल का? सोमवारपर्यंत मिळाली तर याच अंकात घेऊ. आणि ती चंद्रकला सांबार निवडते असं लिहिलंय. सांबार निवडतात कसं?"

"कोथिंबीर," आई म्हणाली. "आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात."

"अय्या, मला वाटलं इडलीबरोबरचं!"

आई हसली. म्हणाली, "हो हो, करून देते." फोन ठेवल्यावर तिनं सगळ्यात आधी देशमुख काकूंना सांगितलं, मग बाबांना. बाबा म्हणाले, "बघ, मी म्हणतच होतो, साहित्याची भाषा वेगळी असते." रात्री जेवताना त्यांनी हे आणखी दोनदा म्हटलं.

रविवारी दुपारी आम्ही दोघं गच्चीवर बसलो. आई शेंगा सोलत होती आणि मी चंद्रकलेला शुद्ध करत होतो. आधी होतं, "तुले काय वाटते, मले काही समजत नाही? सारं समजते मले. बोलत नाही इतकंच." मी केलं, "तुला काय वाटतं, मला काही कळत नाही? मला सगळंच कळतं. फक्त बोलत नाही मी." आणि ते संपादिकाबाईंच्या आवाजात वाचून दाखवलं, मान तिरकी करून. आई इतकी हसली की सूप कलंडलं.

"अजून वाच, अजून."

मी चेव आल्यासारखं पुढचं वाचलं. "ऊठ ना गं, ऊन गेलं. चल, घरी जाऊ या."

आई हसली नाही. शेंग हातात तशीच.

"ही कोण आली?" ती म्हणाली.

"चंद्रकला."

"ही चंद्रकला नाही. ही बाई मिरचीच्या ढिगावर बसायचीच नाही. हिला शिंका येतील."

मी परत विनोद करायच्या तयारीत होतो, पण तिचा चेहरा बघून मोबाइल मांडीवर ठेवला. ती सांडलेले दाणे एकेक करून सुपात टाकत होती.

"बंटी, मावशी आता फोनवर काय बोलते, माहिती आहे?"

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, भिवापूरलाच असते. पूर्वी रोज दुपारी दोघींचा फोन चालायचा. खाली नेटवर्क येत नाही म्हणून आई इथं गच्चीवर येऊन बोलायची. तासन् तास. भाजीपासून भाच्याच्या लग्नापर्यंत सगळ्यावर भांडण.

"काय बोलते?"

"'जोरात बोल.' एवढंच. कान गेले तिचे. मशीन दिलं आहे, पण ते कानात शिट्टी मारतं म्हणून डबीत ठेवते. मी ओरडते, ती हो हो म्हणते आणि ठेवून देते."

मीही एक शेंग सोलायला घेतली.

"लग्न होऊन आले ना," आई म्हणाली, "तेव्हा पहिल्या पंगतीत मी वाढायला गेले. विचारलं, 'तुमाले भात देऊ का?' सगळी पंगत हसली. वाईट नव्हते रे ते लोक. नुसते हसले. तुझे बाबा पण हसले. मी लवकर शिकून घेतलं मग. हुशार होतेच मी." तिनं शेंग फोडली. "ताईशी बोलायला लागलं की मग तोंड मोकळं व्हायचं."

मी गणितात कच्चा आहे. पण मावशीचे ते तासन् तास चालणारे फोन बंद झाले गेल्या हिवाळ्यात आणि चंद्रकला आमच्या गच्चीवर आली तीही गेल्याच हिवाळ्यात, एवढी बेरीज मला जमली.

आईनं हात पुसले आणि मोबाइल मागितला. मला वाटलं मावशीला लावते. तिनं पुण्याला लावला.

सुरुवात एकदम शुद्ध. "नमस्कार, रविवारी त्रास देते आहे, क्षमस्व." मग ती उभी राहिली, कठड्यापाशी गेली. "नाही, म्हणजे आम्ही करून पाहिलं. पण ते होत नाही हो. ती तशीच बोलते. तिचं बोलणं काढलं त मंग काही उरतच नाही. नाही नाही, मले राग नाही आला. तुमाले नसन घ्यायची त राहू द्या बाई, खरंच."

स्पीकर चालूच होता. मग बाई म्हणाल्या, "मी विचार करून कळवते."

आई परत येऊन चटईवर बसली. एकदम लहान मुलीसारखी माझ्याकडं बघून म्हणाली, "मी 'तुमाले' म्हटलं का रे?"

"म्हटलं."

"बापरे." तिनं तोंडाला पदर लावला. "गेली मग गोष्ट."

"गेली असेल," मी म्हटलं.

ऊन कठड्यावर चढलं होतं. खाली देशमुख काकू कुणाला तरी आईची गोष्ट पुण्याला छापून येणार हे कौतुकानं सांगत होत्या. आई ऐकत होती आणि सोललेलीच शेंग परत सोलत होती. ते मला बघवेना. मी तोंड वाकडं करून, टपरीवरच्या ठसक्यात म्हटलं, "काय वं माय, च्या मांडू काय वंऽऽ?"

"नक्कल नको करू," ती म्हणाली. रागानं नाही.

नकला करणाऱ्याला साधं बोलणं फार अवघड असतं. मी एकदा घसा साफ केला. मग ना मान तिरकी केली ना हेल काढला. माझ्या रोजच्याच आवाजात म्हटलं, "आई, मी चहा मांडतो वं. साखर कितीक टाकू?"

तिनं माझ्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं. मी हसून राहिलो का, ते बघत होती. मी हसत नव्हतो.

"थोडकीच," आई म्हणाली. "अन् अद्रक ठेचून टाकजो. किसू नको."