कर्णिकांचा पोळपाट

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, व्हाय इज देअर अ होल?" माझ्या पोळपाटाला भोक आहे, कारण तो मूळचा शेजारच्या कर्णिकभाऊजींचा. ते आता दुबई सोडून गेलेत, म्हणून मोकळेपणाने सांगते.

भाऊजींनी अबुधाबीच्या एका कंपनीत जन्मभर इंग्रजी पत्रं लिहिली. रिटायर झाल्यावर एका आफ्रिकन कादंबरीकाराच्या आठवणी त्यांच्या हाती लागल्या. लहानपणी तो गोऱ्यांच्या शाळेत मातृभाषेत बोलला, की त्याच्या गळ्यात फळी अडकवत. मोठेपणी त्याने इंग्रजीत लिहिणंच सोडलं. "याला म्हणतात माणूस!" असं म्हणून भाऊजींनी बायकोच्या, म्हणजे सुधाताईंच्या, पोळपाटाला भोक पाडून सुतळी ओवली. त्यांच्या घरात जो इंग्रजी बोलेल, त्याच्या गळ्यात पोळपाट. दुसरा कुणी सापडेपर्यंत.

मी विचारलं, "भाऊजी, पुस्तक वाचलंत कुठल्या भाषेत?"

"भाषांतर होतं, वहिनी."

"कुठल्या भाषेत?"

"चहा घेणार ना?"

एसी दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणाला, "कंप्रेसर खलास." भाऊजींनी बराच विचार केला. 'खलास' माफ झालं, 'कंप्रेसर'बद्दल बिचाऱ्याला पोळपाट घालून शिडीवर चढावं लागलं. सुधाताई तर कणीक मळून झाली की मुद्दाम "सॉरी" म्हणत. पोळपाट मिळवायचा तेवढाच मार्ग उरला होता.

टोरांटोची नात मीरा मात्र फक्त इंग्रजी बोले. दर रविवारी भाऊजी तिच्याशी खणखणीत मराठीत बोलत, ती "व्हॉट?" म्हणे. पुढे पुढे फोन उचलताच म्हणू लागली, "गिव्ह मी आजी."

"अहो, पोर तुटेल तुमच्यापासून," सुधाताई म्हणाल्या.

"तत्त्व म्हणजे तत्त्व!"

एका रविवारी मी विरजण मागायला गेले. दार उघडंच होतं. भाऊजी फोनसमोर बसले होते आणि पोळपाट त्यांच्याच गळ्यात होता. स्वतःच अडकवला होता.

"देन द म्हैस एंटर्ड अवर क्लासरूम," ते मीराला सांगत होते.

"व्हॉट्स म्हैस, आजोबा?"

जन्मभर इंग्रजी पत्रं लिहिलेल्या माणसाला म्हशीचं इंग्रजी येत नव्हतं, असं थोडंच? पण भाऊजी उठले, डोक्याला हातांची शिंगं लावून हंबरले. पोळपाट छातीवर आपटत होता. पलीकडून मीरा ओरडली, "म्हैस! म्हैस! अगेन!"

मी विरजण न घेताच परत फिरले.

आता दोघं मीराजवळच राहायला गेलेत. जाताना सुधाताईंनी पोळपाट माझ्या हातात कोंबला. "ही ब्याद तिकडे नको."

सुतळी मी काढून टाकली. भोक आहे. त्यावर लाटलेल्या प्रत्येक पोळीच्या कडेला अजून एक टिकली उमटते.