सासूबाईंची लाल रेघ

"मी करतो," असं गोपीनाथ रामटेके म्हणून गेला, आणि आपण काय म्हणून गेलो हे त्याला नंतर कळलं. (हा त्याचा नेहमीचा क्रम. लग्नाला होकारही त्याने याच क्रमाने दिला होता, असं त्याची बायको भावना सांगते.)

झालं होतं असं. बहारीनमधली नागपूर-भंडाऱ्याकडची बौद्ध मंडळी दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला उम्म अल हस्सममधल्या एका हॉलमध्ये जमतात. वंदना होते, भाषणं होतात आणि मग घरोघरून आलेलं जेवण होतं. यंदा भावनाने भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं की ती मटक्यावरच्या लांब रोट्या करणार. आता लांब रोटी हे काही येरागबाळ्याचं काम नाही. कणीक सैल भिजवायची, रबरासारखी ताणली जाईपर्यंत आपटायची, तिचा गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत लांबवायचा आणि जाळावर पालथ्या घातलेल्या तापल्या मटक्यावर अलगद सोडायचा. भावनाच्या आईच्या, म्हणजे नागपूरच्या देवकाबाईंच्या हातची लांब रोटी एकदा खाल्लेला माणूस पुढे जन्मभर बाकीच्या पोळ्यांना नावं ठेवतो. (गोपीनाथही ठेवतो, पण मनात.)

त्यासाठी मटकंही नागपूरचंच हवं. पहिलं मटकं विमानाने आलं ते खापऱ्या होऊन. दुसरं भावनाने सगळा प्रवास मांडीवर घेऊन, शेजारच्या प्रवाशाला कोपर लावू न देता आणलं. आणि कार्यक्रम महिन्यावर आलेला असताना ती बाथरूममध्ये घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. मटकं शाबूत, मनगट प्लॅस्टरमध्ये.

मंडळाचा सेक्रेटरी विश्वजीत बुसैतीनहून समाचाराला आला. वहिनींनी मुळीच काळजी करू नये, रोट्यांच्या ऐवजी आपण खुबूस मागवू, असं तो मोठ्या मनाने म्हणाला. खुबूस म्हणजे इथल्या गल्लीगल्लीतल्या भट्टीवर मिळणारी रोटी. तिच्यात वाईट काही नाही. पण हाड मोडलं तेव्हा न रडलेली भावना खुबूस ऐकून रडली. गोपीनाथला ते बघवलं नाही, आणि वर दिलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

विश्वजीतला चहाचा ठसका लागला. ठसका ओसरल्यावर तो म्हणाला, "रामटेके, तुमच्या घरी मॅगीसुद्धा वहिनीच बनवून राहिल्या ना?"

हे खरं असल्यामुळे गोपीनाथला फारच लागलं.

गोपीनाथ एसी दुरुस्तीच्या कंपनीत टेक्निशियन होता. जनाबियातले व्हिला त्याच्याकडे होते. त्याच दिवसांत कंपनीने एक नवा चष्मा ट्रायलसाठी आणला होता. चष्मा कसला, पाणबुड्याने लावावं तसं धूड होतं ते. ते डोळ्यांवर चढवलं की समोरचं सगळं दिसायचं, आणि दूर बसलेल्या तज्ज्ञालाही तुमच्या डोळ्यांसमोरचं दिसायचं. त्याने तिकडे फोनवर बोटाने रेघ ओढली की ती इकडे तुमच्यासमोर हवेत उमटायची. यावर ऑफिसात दोन तट पडले होते. निम्म्यांचं म्हणणं, आता जग बदललं. उरलेल्यांचं म्हणणं, यानं डोळे जातील आणि मग नोकऱ्या जातील. फोरमन खिजरने तो एकदा छतावरच्या उन्हात लावला, घाम पुसला आणि "मफी फायदा, खलास", म्हणजे उपयोग शून्य, विषय संपला, असा निकाल देऊन टाकला. त्यामुळे इंजिनियर बासितने तो गोपीनाथच्या गळ्यात मारला. "घर ले जाओ, गोपीभाई. जितना पहनोगे, उतनी आदत पडेगी."

घरी नेता नेता गोपीनाथच्या डोक्यात प्रकाश पडला. रोटी करताना दोन्ही हात अडकलेले असतात, फोन धरणार कोण? पण डोळ्यांवर चष्मा असेल तर सासूबाई नागपुरात बसून त्याच्या डोळ्यांनी मटकं बघतील, चुकलं तिथे रेघ ओढतील, आणि विश्वजीत पुढे जन्मभर खुबूसला नावं ठेवील. भावनाचा भाऊ रुपेश याने तिकडे आईच्या फोनवर सगळं बसवून दिलं. पहिला गोळा हातावर घेताना गोपीनाथला आपण अंतराळात निघाल्यासारखं वाटत होतं.

पण एक गोष्ट कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हती. देवकाबाई जुन्या वळणाच्या. जावई समोर आला की कपाळापर्यंत पदर, मान खाली आणि तोंडातून कौतुकाशिवाय शब्द नाही. जावयाला चूक दाखवायची म्हणजे त्यांच्या लेखी जावयाला दारातून परत पाठवण्यासारखंच.

पहिली रोटी मधोमध फाटली. चष्म्याच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत पदर हलला. "छान फाटली हो, जावईबापू."

दुसरी मटक्यावर पडण्याऐवजी फरशीवर पडली. "पडली तं पडली. पण पडली मस्त."

तिसऱ्या वेळी कणीक चष्म्यालाच चिकटली आणि नागपुरातल्या फोनवर अंधार झाला. त्यावर, अंधारातही जावईबापूंचा हात किती सफाईनं चालून राहिला, असं त्या म्हणाल्या. रेघ तर त्यांनी एकही ओढली नाही. रुपेश म्हणाला, आई, जरा बोटानं दाखव. त्या म्हणाल्या, जावयाच्या हातावर लाल रेघ ओढू? माझे संस्कार असे नाहीत.

असे बरेच दिवस गेले. खालच्या कोल्ड स्टोअरवाल्याला, म्हणजे इथल्या किराणावाल्याला, वाटलं, रामटेक्यांनी बेकरी काढली. घरात मात्र कौतुक खूप आणि रोटी एकही नाही. भावना प्लॅस्टर गळ्यात अडकवून बघत राहायची. एका संध्याकाळी ती गोपीनाथकडे बराच वेळ बघून म्हणाली, "तुमच्या चष्म्यातून आईला तुमचं तोंड दिसते का?"

"नाही. फक्त हात."

"मंग ते हात माझे आहेत म्हणून सांगू."

पुढचा प्रकार लिहिताना लेखकालाही संकोच होतो, मग गोपीनाथला किती झाला असेल. त्याने दाढीच्या ब्लेडने कोपरापर्यंतचे केस काढले. मग भावनाच्या हिरव्या बांगड्या साबण लावून, दोन फोडून, चढवल्या. नखांना रंगही लागला. त्याची मुलगी श्रद्धा इथल्या शाळेत शिकते, तिला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते. तिने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, "आय सॉ नथिंग," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

भावनाने आईला सांगितलं की प्लॅस्टर निघालं, आता मीच करते. ती गोपीनाथच्या पाठीशी उभी राहून बोलणार, गोपीनाथने ब्र काढायचा नाही, असं ठरलं. त्याने गोळा उचलला, आणि नागपुरातून असा आवाज आला की त्याने सासरी तो कधी ऐकलाच नव्हता.

"काहून वं भावने, कणीक तिंबून राहिली का तिची माफी मांगून राहिली? आपट. अजून आपट. हात आहेत का फावडे?"

आणि सपकन एक लाल रेघ हवेत उमटली, थेट त्याच्या कोपरापासून मटक्याच्या टोकापर्यंत. कोपर इथं पाहिजे. मग दुसरी. जाळ इथवर. तिसरी, चौथी. स्वयंपाकघर लाल रेघांनी भरून गेलं. पाणी प्यायला जाताना गोपीनाथ एका रेघेखालून वाकून गेला, आणि तसं वाकायची काही गरज नव्हती हे त्याला फ्रिजपाशी गेल्यावर उमगलं.

खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं. देवकाबाई मुलीला एक चूक माफ करत नव्हत्या. आणि हात मुलीचे म्हटल्यावर गप्पाही मुलीशी केल्यासारख्याच. कोपऱ्यातल्या चौकटीत पदर तसाच कपाळापर्यंत, पण पदराखालचं तोंड अखंड चालू.

"तुझा नवरा काय करून राहिला?"

"ड्यूटीवर गेले," भावना मागून म्हणायची.

"त्यानं फोन केला की दोन शब्द बोलते अन् तुझ्या हाती देते. 'बऱ्या आहात ना?' मी बरी नाही म्हटलं तरी 'बरं बरं' म्हणते. दर खेपेले तोच बाम अन् तेच बदाम आणते. माहे दात पाहिले का त्यानं? कोपर वर घे. अन् मले बहारीन दाखवतो म्हणे. श्रद्धा झाली तेव्हापासून विमानात बसवून राहिला. विमान सोता बनवून राहिला का तो?"

हातात कणीक, तोंडाला कुलूप. गोपीनाथच्या कानांच्या पाळ्या तापायच्या. त्याला म्हणायचं होतं की व्हिसाचं बघतोच आहे, म्हणजे बघणारच आहे. पण बोलला की सगळंच उघडं पडणार. तो राग कणकेवर काढायचा, आणि देवकाबाई म्हणायच्या, आता कशी आपटून राहिली. मागे भावना पदर तोंडात कोंबून हसायची. (हसण्याने तिचा आवाज हलला तरी हात मात्र स्थिर, हे सासूबाईंच्या लक्षात कसं येत नाही, असं गोपीनाथला एकदा वाटलं. पण कणीक ताणताना माणसाला फार विचार करता येत नाही.) मात्र एका गोष्टीने तो खरोखर वरमला. त्या बोलतात ते सगळं खरं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पहिली रोटी न फाटता मटक्यावर बसली, टम्म फुगली आणि अलगद उतरली. गोपीनाथला ओरडावंसं वाटलं. ओरडता येत नव्हतं म्हणून तो जागच्या जागी नाचला. त्यामुळे देवकाबाईंना चक्कर आली.

शुक्रवारी हॉलच्या मागच्या अंगणात मोठा बर्नर लागला. आतमध्ये वंदना झाली, भाषणं झाली, आणि सगळी जनता भुकेली होऊन बाहेर आली, तेव्हा त्यांनी पाहिलं की गोपीनाथ रामटेके डोळ्यांवर धूड चढवून, हातभर हिरव्या बांगड्या घालून, अवाक्षर न बोलता मटक्यासमोर उभा आहे. सासूबाई लाइनवर होत्या, म्हणजे बांगड्या काढायची सोय नव्हती. काहींनी मोबाइल काढले. चष्म्याविषयी ज्यांना फार उत्साह होता ते पुढे सरकले, ज्यांना शंका होती ते खुर्च्या धरून बसले. विश्वजीतने मोठ्याने विचारलं, "रामटेके, हे डोळ्यावर डबडं काय होय?" रामटेकेने कणीक आपटली. विश्वजीतने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की खुबूसवाल्याचा नंबर त्याच्याकडे तयार आहे. भावना नवऱ्याच्या पाठीशी उभी होती. तिचा चेहरा मटक्याइतकाच तापला होता.

पहिल्या दोन-तीन रोट्या रेघांच्या आधाराने झाल्या. मग चष्म्यात एक पिवळी खूण लुकलुकली, कसली तरी सूचना आली, आणि रेघा, पदर, सासूबाई सगळं एकदम गेलं. बर्नरच्या धगीने ते धूड तापून बंद पडलं होतं. खिजर जे एका मिनिटात बोलला होता ते खरं निघालं.

गोपीनाथने चष्मा काढला. समोर साठ माणसं, हातात झुलणारी कणीक, आणि विश्वजीतचा अंगठा फोनवर. भावना हळूच म्हणाली, "आता?"

त्या क्षणी त्याच्या कानात एकच आवाज घुमला. कणकेची माफी मागू नको. त्याने कोपर उचललं, जिथे रेघ असायची बरोबर तिथे. गोळा झुलला, लांबला, पलीकडची माणसं दिसतील इतका पातळ झाला, आणि मटक्यावर जाऊन बसला. फुगला. उतरला. मग दुसरी, मग पुढची. बांगड्यांचा आवाज, कणकेचा आवाज. विश्वजीतने फोन खिशात ठेवला, रोटीचा तुकडा वांग्याच्या भाजीत बुडवून खाल्ला, डोळे मिटले, आणि ताट पुन्हा पुढे केलं. भावना रडत होती, पण या वेळी खुबूसमुळे नाही. गोपीनाथला आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी पूर्ण केलं असं वाटलं, आणि ते त्याला फार आवडलं.

जेवणं आटोपल्यावर विश्वजीतने माइक हाती घेतला. गोपीनाथने कॉलर ताठ केली. विश्वजीत म्हणाला, मी या चष्म्याला डबडं म्हटलं होतं, ते शब्द मागे घेतो. काय मशीन आहे. ज्या माणसाला मॅगी येत नाही त्याच्याकडून या चष्म्याने साठ माणसांच्या रोट्या करवून घेतल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मा लावून फोटो काढायला रांग लागली. तो मघाच बंद पडला होता हे गोपीनाथने दोघातिघांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, बंद पडूनही एवढं करतो म्हणजे कमालच आहे.

घरी आल्यावर त्याने साध्या फोनवरून, स्वतःच्या तोंडाने, मोठ्या आदराने सासूबाईंना फोन लावला. भावनाच्या रोट्या फार गाजल्या, असं त्याने सांगितलं. पलीकडे पदर, खाली मान, तीच जुनी मर्यादा.

"लय मस्त झालं, जावईबापू," देवकाबाई म्हणाल्या. "आता तेवढ्या बांगड्या काढून टाका. तुमच्या हाताले घट्ट होऊन राहिल्या."

गोपीनाथचा हात कानाशीच राहिला. बांगडी किणकिणली. भावनाने फोन ओढून घेतला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "आई, तुले कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून. म्हणून तं पदर नाही काढला डोक्यावरचा. भावने, तुले मी एक शब्द बोलली तं तू चार ऐकवते. एवढं मुकाट्यानं ऐकून घेणारा आपल्या घरात जावयाशिवाय आहे कोण?" मग त्यांनी पदर सारखा केला आणि अगदी हळू, अगदी अदबीने जावयाला म्हणाल्या, "जावईबापू, तेवढं विमानाचं पाहजा. अन् येताना-जाताना बदाम नको."