कोपरावरचं फूल

या वर्षी कप आपल्याच घरी येणार, असं मी इतक्या ठामपणे सांगितलं की माझ्या बायकोनं, मॉडनं, शेकोटीवरच्या फळीवरचा चिनी मातीचा कुत्रा उचलून थेट बहिणीला देऊन टाकला! कपाला जागा हवी ना! आता हरलो असतो तर ती रिकामी फळी रोज माझ्याकडे बघून हसली असती. मॉड तर हसलीही नसती.

आमच्या स्केलबी गावात मायक्रोस्कोपवाल्यांचं मंडळ आहे. सभासद म्हातारे, आणि त्यांचे पितळी मायक्रोस्कोप त्यांच्याहून म्हातारे. दरवर्षीच्या प्रदर्शनात सगळ्यात उत्तम काचपट्टीला कप; सलग तीनदा जिंकेल त्याला तो कायमचा. सिरिल ऑर्मरॉड दोनदा जिंकून बसलेला. तेव्हा त्याला अडवणं ही माझी, म्हणजे मंडळाची, गरज होती.

मी डायटमचं फूल करायला घेतलं. डायटम म्हणजे तळ्यातल्या शेवाळाची काचेसारखी कवचं, धुळीच्या कणाहून लहान. ती शेजारच्या मांजराच्या गळून पडलेल्या मिशीनं एकेक उचलून पातळ काचेवर मांडायची. शिंक आली की बाग उडाली!

"एडगर, जेवायला ये!" मॉड ओरडली.

"श्वास रोखलाय!"

"मग बोलतोयस कुठून?"

फूल मात्र झालं. आता फक्त जाड काचपट्टीवर बाल्समचा थेंब टाकायचा आणि फुलाची काच त्यावर पालथी घालायची. बाल्सम म्हणजे झाडाचा डिंक. पट्टीपेक्षा टेबलाला आणि माझ्या कोटाला जास्त लागतो. तेवढ्यात मॉडची चौथी हाक आली. त्या हाकेनंतर ताट उचललं जातं. मी घाईनं काच चिकटवली आणि पळालो.

प्रदर्शनात स्वतःच्या मायक्रोस्कोपला हात लावायचा नाही, असा मंडळाचा नियम. पट्टी लावून भिंग जुळवतात ते अध्यक्ष बॅगशॉसाहेब.

लोक रांगेनं डोळा लावू लागले. आमच्या मंडळातल्या कौतुकाचा भाव मला पाठ आहे. 'बरं आहे' म्हणजे पोटात दुखलं. 'छान' म्हणजे काही दिसलं नाही. 'फारच छान' म्हणजे बघितलंच नाही.

"फारच छान!" मिसेस टट्टरसॉल म्हणाल्या.

"छान हो, छान!" पोस्टमास्तर.

सगळे 'छान'! एकाच्याही पोटात दुखेना! बॅगशॉसाहेब चहाकडे वळताच मी नियम मोडून डोळा लावला.

आत फूल नव्हतं. एक बुडबुडा होता. गोल, गुबगुबीत, प्रसन्न.

घाईत मी शेजारची कोरीच काच चिकटवली होती! मग फूल कुठं गेलं? मी सगळ्यांना सांगणार, एवढ्यात घंटा वाजली.

"यंदाचा कप," बॅगशॉसाहेब म्हणाले, "एडगर थिसलवुड! काय तो गोलाकार! काय ती सफाई!"

टाळ्या! आता खरं बोललो असतो तर सगळं मंडळ आंधळं ठरलं असतं. शिवाय ती फळी. मी कप घेतला.

ऑर्मरॉड हात मिळवायला आला. खिशातलं भिंग माझ्या बाहीला लावून वाकला आणि दात आवळून म्हणाला, "बरं आहे."

"काय?"

"फूल. तुझ्या कोपराला चिकटलंय. टेकवू नकोस गड्या, फुटेल."

"सिरिल, मी आत्ताच जाऊन सांगतो सगळ्यांना..."

"वेडा आहेस का?" तो दचकून म्हणाला. "मग मागची दोन वर्षं पण निघतील! माझेही बुडबुडेच होते!"

एका हातात कप आणि दुसरा कोपर मोडल्यासारखा वर धरून मी घरी आलो. फूल तर सुखरूप होतं! सकाळी पट्टीवर नीट चढवू म्हणून कोट अलगद खुर्चीवर टाकला आणि झोपलो.

सकाळी कप फळीवर चमकत होता. त्याच्या शेजारी मॉड कोट घेऊन उभी.

"काय हा कोट! कोपराला खरकटं चिकटलेलं! ब्रशनं खसाखसा घासलं तेव्हा कुठं निघालं. बघ आता, कसा दिसतोय?"

मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"फारच छान!"